वाढ्यांसकट ऊस

बारामतीच्या एमआयडीसीजवळच्या गल्लीतली ती संध्याकाळ माझ्या मनातून अजून गेलेली नाही. नावं कोणाचीच घेत नाही; ती माणसं अजून तिथंच राहतात.

त्या गल्लीत इंदापूरकडची ऊसवाली मंडळी, बौद्ध कुटुंबं, मुसलमान रिक्षावाले आणि कंपन्यांत कामाला आलेले बिहारी भिंतीला भिंत लावून राहत. दिवाळी नुकतीच झाली होती. दुपारी एक घरमालकीण आमच्या पोलीस ठाण्यात आली; मी तिथला अधिकारी होतो. तिच्याकडे भाड्याने राहणारी बिहारी आजी सकाळपासून बेपत्ता होती. आजीचा मुलगा कामानिमित्त परगावी होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. आम्ही मिसिंग नोंदवली, आजीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. थोड्याच वेळात सणसरच्या एका शेतकऱ्याचा फोन आला.

"सायेब, ही म्हातारी सकाळी माझ्या उसापाशी रिक्षात बसली हुती. दुपारी तीच रिक्षा माघारी आली, तर मोकळी."

रिक्षावाला त्याच गल्लीतला तरुण निघाला. त्याला ठाण्यात आणलं. रिक्षात उसाची हिरवी वाढी, म्हणजे शेंड्याची पानं, पडलेली होती. बातमी बाहेर फुटली आणि फाटकाशी जमाव जमला. "उसात टाकली म्हातारी!" असा ओरडा सुरू झाला. मी स्वतः वडगाव निंबाळकरच्या ऊसवाल्या घरातला, घरातला पहिला पदवीधर. पण मनात आलं ते जमावासारखंच. उभ्या उसात लपवलेलं तोडणीपर्यंत सापडत नाही. मी एक पथक सणसरला पाठवलं.

"आजी कुठंय?" मी तरुणाला विचारलं.

"हाय सायेब, बरी हाय."

"कुठं?"

"दिवस बुडू द्या, मग सांगतो. शपथ घातलीय तिनं."

"कोर्टात हुबा हायेस व्हय रं, शपथ पाळायला?" हवालदार खेकसले. बाहेरून एक दगड खिडकीवर आला.

रिक्षाच्या पंचनाम्यासाठी दोन पंच बोलावले. त्यांत गल्लीतल्या एक बौद्ध शिक्षिका होत्या. हवालदार "उसाची वाढी" असं लिहू लागले, तशा बाई म्हणाल्या, "थांबा. गेल्या साली आजींनी माझ्या दारावरूनच ऊस नेले होते, वाढ्यांसकट. त्यांच्या छठच्या पूजेला अख्खे ऊस लागतात. पाण्यात उभं राहून मावळत्या सूर्याला हात जोडतात. मी त्यांचा प्रसाद खाल्लाय. आजच असणार ती पूजा."

"पर कालव्याला पाणी कुठं हाय?" हवालदार म्हणाले.

मी तरुणाकडे वळलो. "पळसदेव? उजनीच्या काठाला?"

त्याचा चेहरा एकदम सैल पडला. "तुमीच वळखलं सायेब. मी न्हाय सांगितलं."

मग तो बोलला. आजीला रक्तदाबाचा त्रास, म्हणून मुलाने उपास करायचा नाही असं बजावलं होतं. पण आजारी नातवासाठी तिने व्रत धरलं होतं. पाण्यातून कोणी ओढून आणलं तर ते मोडेल, ही तिची भीती. पळसदेवला मासे विकणाऱ्या आपल्या मावशीजवळ तो तिला सोडून आला होता. सणसरचे ऊस त्याने न विचारताच मोडून घेतले होते, हेही त्यानेच सांगितलं.

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य उजनीच्या पाण्याला टेकत होता. आजी हातात सूप धरून गुडघाभर पाण्यात उभी होती, शेजारी चिखलात रोवलेले ऊस. शिपाई पुढे झाला, तशी काठावरची मावशी ओरडली.

"ए पोलीसदादा, बूट काढ आदी! आन् हात लावू नगं तिला. एवढा दिस बुडंपतूर दम धर की!"

आम्ही बूट काढून थांबलो. दिवस मावळला. बाहेर येऊन आजीने पहिलं त्या रिक्षावाल्या पोराबद्दल विचारलं, "बबुआ को मारा तो नहीं?"

"नाही," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. ठाण्यात फोन करताना माझा आवाज मलाच हलका वाटला. जमावात सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्यानेच त्या तरुणाला आपल्या मोटारसायकलवरून घरी सोडलं, असं नंतर कळलं.

कायद्याला पंच त्रयस्थ लागतो, ते बरोबरच आहे. पण त्यानंतर नोकरीत असेपर्यंत कुठल्याही गल्लीत तपासाला गेलो की मी पहिला प्रश्न हाच विचारत असे: यांच्या घरी जेवलेलं इथं कोणी आहे का?