शोकेसमधला सूर्य

नारायणगावच्या ज्या फोटो स्टुडिओत मी कामाला आहे, तिथे तेव्हा माझं काम पुसण्याचं होतं. नवरीच्या गालावरची पुटकुळी, नवरदेवाच्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग, मागे उभ्या असलेल्या पाहुण्याच्या हातातली पाण्याची बाटली. लग्नाचे अल्बम कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि नको ते सगळं घालवायचं. मी घरातली पहिली पदवीधर, फिजिक्सची बी.एस्सी. आमचं गाव आहुप्याच्या बाजूला, डोंगरात. तिथे भात आणि नाचणी करणाऱ्या माझ्या आईवडिलांनी मला वसतिगृहात ठेवून शिकवलं. हे मी कधी विसरले नाही आणि गावानेही विसरू दिलं नाही. "एवढं शिकून फोटूच का गं?" असं वाटेत कुणीही विचारायचं.

खरं तर फोटोसुद्धा मी काढत नव्हते. कॅमेरा शेठ आणि त्यांचा पुतण्या वापरत. पोरीने मांडवात खुर्चीवर चढून फोटो काढायचे, हे शेठना पटत नसे. तसा माणूस वाईट नाही. रोलच्या जमान्यापासून काम केलेलं, हाताला सफाई. मला कॉम्प्युटरवरचं सगळं त्यांनीच शिकवलं.

२०१६ च्या मे महिन्यात पंचांगात शुक्राचा अस्त होता, म्हणून लग्नाला मुहूर्तच नव्हते. एरवी आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्हाला जेवायला फुरसत नसते. त्या वर्षी तोही दिवस रिकामा. एप्रिलच्या लग्नांचे अल्बम तेवढे करायचे होते. मोठा कॅमेरा आणि लांबची लेन्स लोखंडी कपाटात पडून होती. आणि पेपरात आलं, की नेमक्या आखितीच्या दिवशी दुपारी पावणेपाचच्या सुमाराला बुध ग्रह सूर्यासमोर येणार आणि आपल्याकडे सूर्य मावळेपर्यंत दिसणार.

मी कॉलेजातल्या फिजिक्सच्या मॅडमना फोन केला. चार वर्षांपूर्वी शुक्र असाच सूर्यावरून गेला, तेव्हा मॅडमनी सगळी तयारी केली होती आणि सकाळभर ढग हटले नव्हते. तेव्हाचा सूर्य बघायचा काळा फिल्टर त्यांच्याकडे पडून होता. दुसऱ्या दिवशी मी तो घेऊन आले. "लेन्सच्या पुढे लाव, नीट चिकटव. सुईएवढं भोक दिसलं तरी वापरायचा नाही," त्यांनी बजावलं. "आणि फोटो आला तर मला एक प्रत."

आता कॅमेरा. मी शेठच्या टेबलापाशी गेले.

"शेठ, आखितीला कॅमेरा घरी नेऊ का?"

"कुणाचं लगीन?"

"लग्न नाही. सूर्याचा फोटो काढायचाय."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "सूर्य काय पळून चाललाय का? रोज येतोय की दारात."

मी सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "बरं, ने. पण ऐक. ते बुध का काय, ते फोटोत दिसलं तर मोठा करून शोकेसमधी लावतो आन् पुढच्या सीझनला एक कॅमेरा तुझ्या हातात देतो. नाय दिसलं तर पुन्यांदा कॅमेऱ्याचं नाव काढायचं नाय. आपला माऊस भला न् तू भली."

"चालेल," मी म्हणाले.

आखितीच्या सकाळी घोडेगावहून आहुप्याच्या एसटीत बसले. मांडीवर कॅमेऱ्याची बॅग, पायात स्टँड. कंडक्टर म्हणाला, "ताई, तोफ कुणावर नेताय?" घरी पित्रांसाठी पाण्याने भरलेल्या केळी, म्हणजे मातीच्या छोट्या घागरी, मांडून झाल्या होत्या, जेवणं झाली होती. चारला मी सामान घेऊन कड्याकडे निघाले. तिथून पुढे जमीनच नाही, खाली कोकण आणि समोर नुसतं पश्चिमेचं आकाश. आई मागून आली, आणि तिच्या मागून माझी चुलती.

"गिरान हाय का गं?" चुलतीने विचारलं. "सांगायचं तरी. सूनबाई पोटुशी हाय, तिला आत बसवते."

"ग्रहण नाही काकू. बुध चाललाय सूर्यापुढनं."

"बुध? आज तर सोमवार. बुधाला आजून दोन दिस हायेत."

आई इतकी हसली की पदर तोंडाला लावून खाली बसली.

पावणेपाच झाले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सूर्याची नितळ तबकडी होती आणि मधोमध फिक्या, विस्कटलेल्या डागांचा एक पुंजका. ते सूर्याचेच डाग, ते मला माहीत होते. बाकी काही नाही. कोकणातून धुरकट वाफ वर चढत होती. पाच वाजले. मी फोकस पुन्हा काठावर बसवला, चित्र मोठं केलं, आणि वरच्या काठाच्या जरासा आत तो होता. टाचणीच्या डोक्याहून लहान, काळाकुळकुळीत, नीट गोल.

"आई, बघ."

"कुठं? ह्ये? ह्ये तर तिळाएवढं बी न्हाई."

"आपल्या पृथ्वीसारखाच आहे तो. लहान आहे, पण एवढाही नाही."

चुलती घराकडे गेली आणि थोड्या वेळाने सुनेला हाताला धरून घेऊन आली. "बघ बाई," म्हणाली, "गिरान न्हाई म्हनती ही." सूनबाईने पडद्यावर डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "येवड्याशा ठिपक्यासाठी मला आत बसवनार व्हता व्हय?"

फोटो काढायला लागले आणि एकदम लक्षात आलं. असे ठिपके तर मी रोज पुसते! कॅमेऱ्याच्या आत धूळ बसली की प्रत्येक फोटोत बारीक काळा कण येतो. याच कॅमेऱ्याचा एक कण मला पाठ होता, चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातला. कित्येक लग्नांच्या आकाशातून मी तो काढला होता. उद्या शेठ हेच म्हणतील, की हा कचरा आहे. मग मी ठरवलं. दर फोटोला सूर्य चौकटीच्या त्याच कोपऱ्यात ठेवायचा, म्हणजे कण त्याच्यावर उठून दिसेल, आणि जरा सरकवायचा. धूळ कॅमेऱ्याची, ती जागची हलणार नाही. बुध असेल तर सूर्याबरोबर जाईल, आणि सूर्यावरही पुढे सरकेल. दर दहा मिनिटांनी मी फोटो घेत राहिले. पावणेसातच्या पुढे वाफेने सूर्य गिळला. तोवर ठिपका काठापासून चांगलाच आत उतरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे फोटो शेठच्या कॉम्प्युटरवर टाकले. त्यांना बँकेत जायचं होतं, म्हणाले, आल्यावर बघतो. मी दुपारी वारूळवाडीला माझ्या भाड्याच्या खोलीवर जेवायला गेले. परत आले तर शोकेसमध्ये, नवरानवरीच्या फोटोंच्या मधे, हातभर सूर्य लावलेला. मी काचेला नाक लावून बघितलं. सूर्य कोरा होता. ठिपका नव्हता.

आत शेठ खुशीत होते. "बघितला का? काय झ्याक आलाय! वर कचरा व्हता तेवढा मी माझ्या हातानं साफ केला."

"कचरा?"

"बारीक काळा कण. मधले डाग बी काढले. पार आरसा करून टाकला." मग जरा समजुतीच्या आवाजात म्हणाले, "तुझं ते बुध काय दिसलं नाय बरं का. पण फोटो चांगला म्हणून लावला. आता ठरल्याप्रमाणं कॅमेऱ्याचं नाव नाय."

त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं, हे मला कळत होतं. तरी मी सरळ शोकेसचं दार सरकवलं, आत वाकले आणि तो सूर्य काढून काउंटरवर पालथा ठेवला. पासपोर्ट फोटोसाठी एक पाहुणे बसले होते, ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की ताई, छान दिसत व्हता."

"तो सूर्य नाही," मी म्हणाले. "शेठ, तुम्ही बुध पुसलात."

चार फोटो मी तिथल्या तिथे छापले. प्रत्येकाखाली वेळ लिहिली आणि काउंटरवर ओळीने मांडले.

"शेठ, धूळ कॅमेऱ्यात असते. समोरचं काही हललं तरी ती चौकटीत तिथेच राहते. बरोबर?"

"बरोबर."

"हा बघा कण. चारही फोटोंत याच कोपऱ्यात. सूर्य मी सरकवला, हा सरकला नाही. ही धूळ. आता हा दुसरा ठिपका बघा. सूर्य जाईल तिकडे गेला. आणि पट्टी लावा, काठापासूनचं अंतर दर फोटोत वाढलंय."

त्यांनी ड्रॉवरमधून रोलच्या जमान्यातलं भिंग काढलं. एकेक फोटो डोळ्याशी नेला. पट्टीही लावली.

"म्हंजी मी खरंच बुध पुसला."

पाहुणे हसायला लागले. "शेठ, माझा गालावरचा तीळ तरी ऱ्हाऊ द्या. पासपोर्टला ओळख म्हणून लिवलाय."

शेठही हसले. मला वाटलं, जिंकले. पण ते म्हणाले, "पोरी, येवढासा ठिपका शोकेसमधी कुणाला दिसायचा? लोक म्हणतील माशी बसली. एक काम कर, जरा मोठा कर त्याला. लिंबाएवढा. लगेच लावतो."

लिंबाएवढा करणं हे माझं दोन मिनिटांचं काम होतं. शोकेस मिळाली असती, कॅमेरा मिळाला असता, कुणाला काही कळलं नसतं. पण मॅडमना तो फोटो मी कोणत्या तोंडाने दिला असता? आणि नसलेली गोष्ट दाखवायला मी शिकले नव्हते. दुसऱ्यांच्या गालावरचं असलेलं पुसायला शिकले होते, ते पुरे होतं.

"नाही," मी म्हणाले. "पुसणार नाही आणि मोठाही करणार नाही. जेवढा आहे तेवढाच लावायचा."

"आन् नाय लावला तर?"

"तर अल्बम तुम्ही करा."

मी माऊस ठेवला आणि बाकड्यावर पाहुण्यांच्या शेजारी जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत तशीच बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येऊन तिथेच बसले. आत अल्बम अडकले होते, फोन वाजत होते. दुपारी त्यांनी मोठा कागद मशीनला लावला, सव्वासहाचा फोटो छापला, ठिपक्यासकट. शोकेसमध्ये स्वतः लावला आणि आत येत म्हणाले, "ऊठ आता, येड्यांची सरदार. कामाला लाग."

मॅडमना त्यांची प्रत मी नेऊन दिली. शोकेसमधल्या फोटोवर घाण बसलीय, हे सांगायला आठवड्यातून एखादा माणूस आत यायचाच. मी दर वेळी उठून बाहेर जायचे आणि बोटाने दाखवून सांगायचे.

पावसाळा सरला, तुळशीचं लग्न झालं आणि मुहूर्त सुरू झाले. पहिल्याच लग्नाला शेठनी कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला, एवढंच म्हणाले, "पाडू नको." मांडवात मी चप्पल काढून खुर्चीवर चढले. नवरीचा मामा खालून ओरडला, "शेठ, ही काय तऱ्हा? बाई चढवली व्हय खुर्चीवर?" शेठ माझ्याकडे बघत होते, मी काय करते म्हणून.

"मामा," मी म्हणाले, "जरा डावीकडं सरका. तुमची सावली नवरीच्या तोंडावर पडतीये."

मामा सरकले. मी फोटो काढला.