नवमीला ढिली केलेली चेन

मोटरसायकल खाली बसवणं आणि लांब करणं मी कॉलेजात शिकलो नाही. ते मी कॉटन ग्रीनच्या एका गोदामाला लागून असलेल्या गॅरेजात शिकलो. शिकलो म्हणणंही जरा जास्तच होईल. बघितलं, आणि त्यात एकदा चुकलो.

तेव्हा मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला, त्यामुळे चाळीत कुणाचा पंखा बंद पडला तरी मला बोलावणं यायचं. पंख्यातलं मला काही कळत नसे, पण नाही म्हणायला संकोच वाटायचा, म्हणून जायचो. रविवारी मात्र मी गॅरेजात असायचो. गॅरेजवाले काका मूळचे मालवणकडचे, साठीच्या आसपासचे. ते मला ‘इंजिनियर’ म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

गाडी होती शीव कोळीवाड्यातल्या एका मित्राची. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, कुरिअरच्या ऑफिसात नोकरीला. दसऱ्याच्या दिवशी मुंबईबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर त्याला ती पळवायची होती. चारशे मीटर, सरळ, एका वेळी दोन गाड्या. आणि नंतर तीच गाडी ऑफिसलाही न्यायची होती.

“म्हणजे तुका घोडो पण व्हयो आणि बैल पण व्हयो,” काका म्हणाले.

जोरात सुटताना गाडीचं पुढचं चाक उचलतं. गाडी खाली बसवली आणि मागचं चाक आणखी मागे नेलं की ते जमिनीवर टिकतं. मागचं चाक ज्या दोन दांड्यांत बसतं त्याला गॅरेजात चिमटा म्हणतात. काकांनी चिमट्याला बोल्टने बसणारे दोन जाड लोखंडी जोड बनवले. चाक सहा इंच मागे गेलं, चेनही तेवढी लांब झाली. शर्यत झाली की जोड काढायचे आणि गाडी पुन्हा होती तशी करायची. “ही लांबी रस्त्यावर चालवायची नाही,” काकांनी बजावलं होतं, “कायद्याने पण नाही आणि अकलेने पण नाही.” मग पुढचे शॉकअप पकडीतून वर सरकवले, मागे आखूड शॉकअप लावला. गाडी इतकी खाली बसली की मित्राची आई बघायला आली आणि म्हणाली, “ही गाडी आहे की जेवायला बसायचा पाट?”

माझ्याकडे मोजमापाचं काम होतं. चेन अगदी ताठ ठेवत नाहीत. खालच्या बाजूला बोटाने दाबली तर ती इंचभर हलली पाहिजे. त्याला ढील म्हणतात. मी गाडी स्टँडवर उभी करून ढील मोजली, तीन वेळा मोजली आणि वहीत लिहिली. काकांनी वहीत डोकावून मान डोलावली. मला फार बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. काकांचे वडील गिरणीत फिटर होते, आणि तिथली रीत काकांनी सोडली नव्हती. सगळे पाने, हातोड्या, पकडी रॉकेलने धुवून लाल कपड्यावर मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. मग दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. “वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस सुट्टी,” काका म्हणत. आम्ही बौद्ध. आमच्याकडे ही पूजा नसते. आमची गडबड दसऱ्याची, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची, त्यासाठी आईने पांढरे कपडे इस्त्री करून ठेवले होते. पूजा चालू असताना मी दारात उभा राहिलो, पेढा खाल्ला. त्याचं कुणाला काही वाटत नसे, मलाही नाही.

गाडी धावपट्टीवर न्यायला संध्याकाळी सहाला टेंपो येणार होता. त्याआधी फोटो काढू म्हणून मित्र गाडीवर बसला, आणि हौसेने त्याचा एक दोस्त मागे बसला. मी सहज खाली बघितलं. चेन तारेसारखी ताठ झाली होती. मी वाकून बोट लावलं. ती हललीच नाही.

मी स्टँडवर मोजलं होतं. तेव्हा मागचं चाक लोंबकळत होतं. माणूस बसला की, किंवा गाडी जोरात सुटून मागे दबली की, चिमटा वर येतो आणि चेन ताणली जाते. हे पुस्तकात होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं.

सगळे हसत होते. मित्राच्या गळ्यात झेंडूची माळ होती. चाकं टेंपोत चढली की सांगून उपयोग नाही, एवढंच डोक्यात होतं.

“काका, एक सांगू का?”

“सांग.”

“म्हणजे, तसं फार नाही, पण…”

“बोल मरे.”

मी सांगितलं. काका उकिडवे बसले आणि त्यांनी चेनवर अंगठा दाबून बघितला.

“तुटली तर काय होईल?” मित्राने विचारलं. तो अजून हसतच होता.

“चाकात अडकली तर चाक जागच्या जागी थांबेल,” मी म्हणालो. “तू नाही थांबणार.”

तो गरम तव्यावरून उतरावं तसा गाडीवरून उतरला.

काम दहा मिनिटांचं होतं. एक्सलचा नट सैल करायचा, दोन्ही बाजूंचे छोटे स्क्रू फिरवून चाक थोडं पुढे घ्यायचं, नट आवळायचा. पण पाने पूजेत. शेजारच्या गॅरेजांचेही पूजेत. गाडी हलकी करायची म्हणून सीटखालचे पाने आम्हीच काढले होते, तेही माळ घालून तिथेच बसलेले. काकांचा हात लाल कपड्याकडे गेला आणि परत आला.

“माझ्या घरी कॉलेजचे पाने आहेत,” मी म्हणालो. “पण आजच्या दिवशी इथे तुम्हाला चालणार नसेल तर…”

“माझ्या हत्यारांची सुट्टी मी दिली,” काका म्हणाले. “तुझ्या हत्यारांची सुट्टी ठरवणारा मी कोण? पळ.”

घर काळाचौकीला, दहा मिनिटांवर. माझ्या संचात सगळ्यात मोठा पाना एकोणीस नंबरचा निघाला. नट चोवीसचा. बाबा एका टॉवरमध्ये लिफ्टमन आहेत, नुकतेच ड्युटीवरून आले होते. त्यांनी पलंगाखालून फडक्यात गुंडाळलेला, कुठल्याही नटाला बसेल असा मोठा स्क्रूपाना काढला.

“कशाला पाहिजे?”

मी सांगितलं.

“चूक कुणाची?”

“माझी.”

“मग चल,” म्हणून त्यांनी पायात चपला घातल्या.

गॅरेजात पोचल्यावर त्यांनी काकांना आधी नमस्कार केला. “दादा, पोराने काही नुकसान केलं का?”

“नुकसान कसला,” काका म्हणाले, “आमचो फोटो बिघडवल्यान.”

चेन जास्तीत जास्त ताणलेली असताना मोजायची होती, म्हणून गाडीवर वजन हवं होतं. मित्र बसला. मागे कोण बसणार? दोस्त तर घाबरून फुटपाथवर जाऊन उभा राहिला होता. शेवटी बाबा बसले.

“बाबा, हलायचं नाही हं.”

“लिफ्टमध्ये हेच मी लोकांना सांगतो,” ते म्हणाले आणि खरंच हलले नाहीत.

त्याआधी एक्सलचा नट मी कधी आवळला नव्हता. ते काकांचं काम. आज ते हात पाठीमागे बांधून माझ्या डोक्यावर उभे होते. “डाव्या बाजूक अर्धो आटो. बस. आता उजवीकडे तेवढोच.” पाना माझ्या हातून दोनदा निसटला. कुणी हसलं नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली. मग बोट लावलं. इंचभर हलली. नट आवळला, पुन्हा मोजलं. काकांनी अंगठा दाबून बघितलं आणि टेंपोवाल्याला हाक मारली.

दसऱ्याच्या सकाळी आई, बाबा आणि मी पांढऱ्या कपड्यांत विहारातून परत येत होतो. माझं लक्ष खिशातल्या फोनकडेच होतं. अकराच्या सुमारास तो वाजला.

“चेन?” मी आधी तेच विचारलं.

“चेन मस्त रे. पुढचं चाकपण खाली राहिलं. मीच उशिरा सुटलो. पहिल्याच फेरीत घरी.” त्याला त्याचं फार दुःख दिसत नव्हतं. “पुढच्या वेळी अजून अर्धा इंच खाली घेऊ.”

“घेऊ. पण मोजताना तू वर बसायचं.”

“बसतो ना बाबा.”

मी फोन ठेवला. बाबा पुढे चालत होते, ते थांबले.

“काय म्हणतो?”

“हरला.”

“आणि आहे ना धडधाकट?”

“आहे.”

“मग झालं,” ते म्हणाले, आणि आईच्या हातातली पिशवी घेऊन चालू लागले.