समजूतदार बाईची बदली

ती चार वर्षांची असताना घरी पाहुणे आले आणि जाताना त्यांच्या मुलीने हिची बाहुली काखोटीला मारली. ही रडली नाही. बाहुली फाटकापर्यंत फिरून परत येणार अशी तिची प्रामाणिक समजूत होती, म्हणून रडली नाही. पण पाहुणीबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "किती गं समजूतदार तुमची पोर!" आईची मान अशी काही ताठ झाली, की मागाहून भोकाड पसरायची सोयच उरली नाही.

पुढची चाळीस वर्षं ती समजूतदार होती. या पदावरून कुणी निवृत्त होत नाही. धाकट्या भावाला कॉलेज, तिला शिवणाचा वर्ग, कारण ती समजून घेईल. तिने घेतलं. तिला दोन स्थळं सांगून आली. दोन्ही वेळा आईची तब्येत नेमकी बिघडली आणि दोन्ही वेळा स्थळ परत गेल्यावर सुधारली. तेही तिने समजून घेतलं. भावाचं लग्न झालं तेव्हा तिची खोली त्याला गेली आणि तिचा पलंग बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर आला. "ताईला टीव्हीच्या आवाजात छान झोप लागते," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी तिला खरंच लागायला लागली.

तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात ती अल्टरेशनचं काम करायची. पँट आखूड करा, कंबर सैल करा, बाह्या उसवा. उसवायचं काम कुणालाच आवडत नाही, त्यामुळे ते सगळ्यांच्या टेबलांवरून घरंगळत तिच्याच टेबलावर येऊन थांबायचं. "ठेवा, करते," ती म्हणायची. "मला बाई रागच येत नाही," हे ती अशा अभिमानाने सांगायची, जसं कुणी मला कधी पडसंच होत नाही म्हणून सांगतं.

मग तिची गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेत बदली झाली.

पहिल्याच दिवशी मॅनेजर खुर्चीतून उठून उभा राहिला. तिने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. तिला खिडकीजवळचं मशीन मिळालं. चहा आधी तिच्यापुढे आला. सेल्समन पाच पँटी घेऊन आला आणि दारातच घुटमळला.

"आज झाल्या तर... म्हणजे, मॅडम, तशी घाई नाही."

तिच्या तोंडात दोरा होता, म्हणून तिला बोलता आलं नाही. तिने चष्म्यावरून नुसतं पाहिलं. सेल्समनने तीन पँटी परत उचलल्या.

आठवड्याभराने काउंटरवरच्या मुलीने उलगडा केला. जुन्या शाखेच्या कॅशियरने आधीच फोन करून बजावलं होतं, म्हणे: नव्या बाईंच्या हातात जादू आहे, पण राग नाकाच्या शेंड्यावर. जपून वागा.

काहीतरी घोटाळा झालाय, हे सांगायला ती उठलीसुद्धा. पण सेल्समनने तेवढ्यात तिच्यासाठी टेबलफॅन फिरवून दिला, आणि उन्हाचे दिवस होते. उद्या सांगू, असं म्हणून ती खाली बसली.

दुसऱ्या महिन्यात ती तोंडात दोरा नसतानाही चष्म्यावरून बघायला लागली. चौथ्या महिन्यात तिच्या गळ्यातून एक आवाज निघाला: "हा काय प्रकार आहे?" हा आवाज आपल्याकडे कुठे होता, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. सहाव्या महिन्यापासून तिला खरोखरचा राग यायला लागला, तोही वेळेवर. एकदा तर चुकीच्या मापावरून तिने काउंटरवरच्या मुलीला रडवलं. संध्याकाळी माफी मागायला गेली, तर ती मुलगी म्हणाली, "नाही मॅडम, माझंच चुकलं." माफी तशीच परत आली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मापं सगळी बरोबर आली, हेही तिच्या नजरेतून सुटलं नाही.

घरी मात्र चप्पल काढता काढता तिचा आवाज आपोआप खाली यायचा. हे असंच चाललंही असतं. पण एका रविवारी भाऊ म्हणाला, "ताई, सासू-सासरे महिनाभर राहायला येतायत. त्यांना बाहेरची खोली देऊ. तू स्वयंपाकघरात झोपशील ना?"

"नाही."

आईने उठून तिच्या कपाळाला हात लावला.

"थायरॉइड असेल," भावजय कुजबुजली.

डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं. सगळं ठणठणीत निघालं, त्यामुळे घरच्यांची घोर निराशा झाली.

"मग डॉक्टर, ही अशी का वागते?" आईने विचारलं.

"कशी वागतात?"

"नाही म्हणाली."

"कशाला?"

आईने भावाकडे पाहिलं, भावाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. डॉक्टरांनी झोपेची चौकशी केली. तेव्हा ती म्हणाली, "टीव्ही लवकर बंद झाला तर लागेल," आणि डॉक्टरांनी कागदावर तसं लिहून दिलं. सासू-सासऱ्यांना भावाने आपली खोली दिली आणि महिनाभर तो स्वयंपाकघरात झोपला. "नोकरीने आमची पोर बिघडवली," असं आई आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि टीव्हीचा आवाज कमी करते.

जुन्या शाखेचा तो कॅशियर फोन केल्यावर लगेच स्वतःच हेड ऑफिसला गेला होता; वर्षभराने काही कागद घेऊन तो नव्या शाखेत आला. तिला पाहून चाटच पडला.

"अहो, तुम्ही इथे? मी फोन केला तो इथे बदली ठरलेल्या त्या दुसऱ्या बाईंबद्दल! त्या ऐनवेळी नोकरी सोडून गेल्या, हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही तर आमच्या..." तो मॅनेजरकडे वळला, "अहो, या म्हणजे अगदी गरीब गाय!"

मॅनेजर तिच्याकडे बघायला लागला. सेल्समन बघायला लागला. काउंटरवरच्या मुलीच्या चेहऱ्यावर तर हिशेब चुकता करायची आशाच उगवली. दुपारपर्यंत उसवायच्या कपड्यांचा ढीग कुठे येऊन पडणार, हे तिला स्पष्ट दिसलं.

तिने मशीन थांबवलं. "गरीब गाय? आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर कात्री भिरकावली होती ती? विसरलात?"

असं कधी झालं नव्हतं. कॅशियर अकरा वर्षं तिच्यापासून दहा पावलांवर बसला होता. त्याने डोकं खाजवलं. मॅनेजरकडे पाहिलं, तिच्या चष्म्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली.

"हो की!" तो म्हणाला. "निळ्या शर्टाचा माणूस होता. बापरे, काय पळाला होता तो!"

चहा आला. कॅशियर खुर्ची ओढून सगळ्यांना ती हकिगत रंगवून सांगायला लागला. माणूस कुठल्या दाराने पळाला, मालक काय म्हणाले, कात्री कुठे लागली. काउंटरवरच्या मुलीने तोंडावर हात ठेवला. आणि ती बाह्या उसवता उसवता कान देऊन ऐकत होती, कारण पुढे काय झालं हे तिलाही माहीत नव्हतं.