काकांचा चाकू आणि वाळलेलं कुंकू

काका गेल्यावर त्यांचा मिलिटरीतला चाकू मला मिळाला! मिटणारा, जड, एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला वीतभर नसला तरी चांगलाच टोकदार सुळा. काका त्याबद्दल कधीच काही बोलले नाहीत. विचारलं की म्हणायचे, "चाकू आहे." बस्स.

दादा, म्हणजे त्यांचा मुलगा, इथेच पेरुंगुडीला आयटीत आहे. तो म्हणाला, "हा सुळा माणूस मारायला. बाबा कमांडो असणार." मला ते पटेना. मी ठरवलं, हे शोधून काढायचंच. त्याचाच डिजिटल कॅमेरा घेतला, फोटो काढले आणि अड्यारच्या ब्राउझिंग सेंटरवरून चाकूवाल्यांच्या एका फोरमवर टाकले. लगेच एकाचं उत्तर आलं: पात्याच्या मुळाशी शिक्का असेल तो दाखव, त्याशिवाय काही सांगता येणार नाही.

आणि तिथेच तर कुंकू होतं! खंडेनवमीला काका चाकूची पूजा करायचे, चंदन-कुंकवाचा जाड ठिपका नेमका तिथे. त्यांनी लावलेला शेवटचा ठिपका. त्यानंतरच्या नवमीला ते नव्हते, वर्ष व्हायचं होतं म्हणून आम्ही पूजाच केली नाही.

मी ओलं फडकं आणलं तर काकू ओरडलीच. "हात लावशील तर बघ! त्यांचं बोट आहे ते."

खरंच बोटाच्या रेषा दिसत होत्या त्यात. मग मी टॉर्च तिरका धरून पाहिलं, भिंगातून पाहिलं. शिक्क्याची फक्त एक आडवी रेघ दिसली. पण सोडणार नव्हते मी! रोज काकूच्या मागे. "अगं, ते कुठे होते, काय करत होते, तुला नाही कळावंसं वाटत?"

"कळून ते येणारेत का परत?"

मग परत नवरात्र आलं. अष्टमीला संध्याकाळी शिलाई मशीन पुसलं, विळी धुतली, दादाची बाइक धुतली. काकू चाकू घेऊन मोरीपाशी किती तरी वेळ उभी. मी म्हटलं, "काकू, काका दर वर्षी जुना ठिपका स्वतःच धुवायचे ना गं?"

"धुतल्याशिवाय पूजेला ठेवलं की केवढे चिडायचे!" ती म्हणाली आणि तिनेच नळ सोडला. अंगठ्याने हळूहळू चोळलं. पाणी लाल झालं. मी तिच्याकडे बघितलंच नाही, पात्याकडेच बघत राहिले. बाण! छोटा बाण आणि खाली इंग्रजी आय!

फोटो काढून तशीच सेंटरवर पळाले. सकाळी परत गेले तर सेंटरवाले तमिळ अण्णा पूजेचा म्हणून दारात दृष्टीचा पांढरा भोपळा बांधत होते. "ऑफिस लीव, इन्टरनेट नो लीव?" म्हणून हसले, पण बसू दिलं. उत्तर आलेलं! बाण आणि आय म्हणजे भारतात सैन्यासाठी बनवलेला साधा चाकू, काकांच्या भरतीपेक्षाही जुना. सुळा दोरांच्या गाठी सोडवायला.

घरी येऊन सांगितलं तर दादा म्हणाला, "म्हणजे बाबा तंबू बांधायचे?"

काकू फटकन म्हणाली, "मग तुझे कमांडो काय उघड्यावर झोपले असते?"

पूजेला चाकू ठेवला. मी कुंकवाची वाटी काकूपुढे केली. ती म्हणाली, "मी?"

"मग कोण?"

तिने बोट बुडवलं. मी म्हटलं, "शिक्क्यावर नको गं!" तिने मुठीवर लावलं.