वाट पाहणारी काळी खिडकी

बायको गेली. तेरवी झाली, पाहुणे पांगले आणि सेक्टर सहाच्या क्वार्टरात मी आणि मुलगी उरलो. मी शिकलेला माणूस नाही. पोलादाच्या प्लांटात, भट्टीला माल नेणाऱ्या कन्व्हेअर बेल्टवर जन्म गेला. गोड लिहिणं जमत नाही, झालं तसं सांगतो.

मुलगी हैदराबादला कॉम्प्युटरचं काम करते. ऑफिसनं थोडे दिवस घरून करू दिलं. मग फोन आला, सोमवारी हजर हो, नाहीतर नोकरी सोड. तिचं एकच, ‘तुमी सावरले का मंग जातो.’

सावरायचं म्हणजे काय, कोणास ठाऊक. मी भिंतीकडे तोंड करून बसायचो. ताट आलं की वरणाला शिव्या, तिच्या आईची आठवण, आणि पुन्हा भिंत.

एका दुपारी ती लॅपटॉपसमोर कपाळ धरून बसलेली. पडद्यावर दोन काळ्या खिडक्या. डावीत अक्षरं धो धो पडत होती, उजवी कोरी.

‘हे कावून कोरं?’

‘जावास्क्रिप्टचं काम आहे, बाबा. हा डावा प्रोग्राम दिवसभर चालूच राहते. मी फाइल बदलली का तो ती तयार करून पुढे ढकलते. उजव्यानं ते घेऊन पान बनवायचं. पण तो काहीच देऊन नाही राहिला.’

‘मेला काय?’

‘जिता आहे. वाट पाहून राहिला. डाव्याचं सारं संपलं का मंग सुरू करीन म्हणते. आन् डावा तं संपतच नाही.’

‘बेअक्कल आहे तुहा उजवा. बेल्टवरचा माल संपल्यावर भट्टी चालू करतो म्हटलं असतं, तं फोरमननं लाथ घातली असती मले.’

ती हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. ‘तेच सांगून राहिलो त्याले. एक खेप आली का उचल, शेवटाची वाट नको पाहू.’

तिनं काहीतरी टाइप केलं. उजवीकडे एक ओळ उमटली. मग दुसरी. डावी काही थांबली नव्हती.

मी तिच्याकडे पाहिलं. पलंगाखाली तिची बॅग तेरवीपासून अर्धी भरलेली पडून होती.

‘तिकीट काढ,’ मी म्हणालो.

‘तुमी सावरले का—’

‘मी नाही सावरत. तुह्या मायचं दुःख आहे हे, ताप नोहे उतराले. ते मी मरेपर्यंत चालन. तू त्याच्या शेवटाची वाट पाहशीन, तं नोकरी जाईन, मी हाय तसाच राहीन.’

ती रडली. मी उठून पाणी दिलं नाही. ते काम तिच्या आईचं होतं.

डोळे पुसून म्हणाली, ‘मंग रोज फोन करीन. रोजचं रोज सांगायचं, साचवायचं नाही.’

‘शिव्या ऐकाव्या लागतीन.’

‘आता काय भजन ऐकून राहिलो?’

रविवारी ऑटो दाराशी आला. मयतीच्या घरून निघताना आमच्यात ‘येतो’ म्हणत नाहीत. वर्ष होईपर्यंत हे पाळतात, आणि बायकोचं वर्ष व्हायचं होतं. ती बॅग धरून उंबऱ्यात मुकी उभी राहिली.

‘येतो म्हण,’ मी म्हणालो.

‘म्हणत नसतात, बाबा.’

‘म्हण.’

‘येतो.’

तासाभरात, रेल्वेनं राजनांदगाव स्टेशन सोडायच्या आत तिचा फोन वाजला. ‘जेवले काय?’

‘भात करपला,’ मी म्हणालो, आणि भिंतीकडे तोंड करून सुरू झालो.