नखवाल्या मावशी

मावशींची नऊ नखं कापलेली असत. उजव्या अंगठ्याचं एक मात्र त्यांनी राखलं होतं. कपाशीच्या कळीत ते नख रुतवायचं, एका फिरकीत आतले पुंकेसर काढायचे आणि मधला नाजूक दांडा शाबूत ठेवायचा. देऊळगाव राजाच्या आमच्या भागात बीटी कपाशीचं बियाणं असं शेतात, एकेक फूल हाताने जुळवून तयार होई. या कामाला सगळे क्रॉसिंग म्हणत. मी एका बियाणे कंपनीचा सुपरवायझर होतो आणि मावशी वीस बायकांच्या टोळीच्या पुढारी.

माहेर मलकापूरकडचं, त्यामुळे बोलणं कायम तिकडचंच. नव्या पोरींना काम शिकवताना म्हणायच्या, "आज सांजेले साखरपुडा, उद्या सकाळी लगीन. मधात कळी उघडली त समजा पोरगी पळाली. तोडून फेका." संध्याकाळी कळी सोलायची, सकाळी तिच्यावर नराचं फूल घासायचं आणि खुणेचा दोरा बांधायचा. दोरा नसलेलं बोंड बियाण्यात चालत नसे.

त्यांच्याकडे वही नव्हती. कुठल्या ओळीतलं कितवं झाड राहिलं, हे त्या बांधावर बसून सांगत. मी दोन-तीनदा मुद्दाम पाहिलं. झाड बरोबर तेच निघालं.

मग एका हंगामात त्यांच्या ओळींमध्ये पिवळी फुलं उघडलेली दिसू लागली. मी विचारलं, "मावशी, ही ओळ राहिली का?"

"सकाळीच त केली, सायेब."

जरा वेळाने त्या त्याच ओळीत परत आल्या आणि न सोललेल्या फुलांना दोरे बांधू लागल्या. हे मी पंधरा दिवस पाहत होतो. दररोज प्रत्येक ओळ तपासून कागदावर सही करायची, हे माझं काम. मी सह्या चहाच्या टपरीवर बसून करायचो.

न सोललेली फुलं स्वतःच्याच परागांनी फळली होती, त्यामुळे बियाणं शुद्धतेच्या चाचणीत नापास झालं. सगळा प्लॉट गेला. ज्याचं शेत होतं त्या शेतकऱ्याने पुढच्या वर्षी तूर पेरली आणि मला रामराम करणं सोडलं. कंपनीचे अधिकारी गावात आले, मारुतीच्या पारावर बायकांना बोलावलं आणि मला विचारलं, असं कसं झालं? मी मावशींकडे बोट दाखवलं. "यांनी कामचुकारपणा केला. नुसते दोरे बांधत बसल्या."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. आठवायचा प्रयत्न करत असाव्यात. "मी फुकटचा दोरा बांधीन काऊन, सायेब?" एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्यांना कुणी क्रॉसिंगला बोलावलं नाही. बायका त्यांना 'दोरेवाली' म्हणू लागल्या, तेही माझ्या कानावर आलं होतं.

सहा वर्षांनी त्यांच्या मुलाचा, गजाननचा फोन आला. मी तेव्हा औरंगाबादला होतो. आई घरचा रस्ता चुकते, डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला सांगितलाय, शहरात तुमच्याशिवाय ओळखीचं कुणी नाही, म्हणाला. मी गेलो. मशीनमध्ये जाण्याआधी अंगावरचं धातूचं सगळं काढायचं होतं. मावशींनी कानातली फुलं काढली आणि मुलाकडे न देता माझ्या मुठीत ठेवली. "तुमच्यापाशी राहू द्या, सायेब. तुमचा भरोसा हाये."

डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानांच्या आतल्या अंगाला एक लहान वळणदार भाग असतो, नवी आठवण तिथे रुजते, असं ते सांगू लागले. "वयाने तो थोडा आक्रसतोच. यांचा फार आक्रसलाय. म्हातारपणाच्या विसरण्यात खूण सांगितली की माणसाला आठवतं. यांना खुणेचाही उपयोग होत नाही, हे चाचण्यांत दिसलं. गोष्ट आत उतरतच नाही. हा आजार दिसायच्या कितीतरी आधी सुरू होतो. तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवलं?"

"दोनेक वर्षं झाली असतील," गजानन म्हणाला.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. सहा, हे मला माहीत होतं. मुठीत कानातली फुलं टोचत होती. मी डॉक्टरांना 'दोन वर्षं' असंच लिहू दिलं.

वर्षभराने धीर करून गावी गेलो. मावशी ओसरीवर बसल्या होत्या. मला त्यांनी ओळखलं नाही, पण पाहुणा म्हणून बसायला पोतं सरकवलं. मी सगळं सांगितलं. एक बाई होती, तिला आजार होता, मी तिला चारचौघांत कामचुकार ठरवलं, आणि खरा कामचुकार मीच होतो.

त्यांनी मन लावून ऐकलं. "जिती हाये का थे बाई?"

"आहे."

"मंग तिच्यापाशी जा ना, बापा. मले काऊन सांगता?"

मी उठलो. गोठ्यात गजानन कडबा टाकत होता. त्यालाही पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो कडब्याची पेंढी हातात धरून उभा राहिला.

"तवाच बोलले असते," तो म्हणाला, "त आम्ही तिले तवाच दवाखान्यात नेलं असतं. पारावरल्या त्या गोष्टीपायी आम्ही त घरात तिच्याशी चार महिने बोललो नाही."