तिसरी बत्ती

आमच्या घरात बाबांना हाक मारायची पद्धत नाही. बत्ती मारतात. जेवण तयार झालं की आई मागच्या शेडच्या दारात जाते, भिंतीवरचं बटण खालीवर करते, आतले दिवे दोनदा विझून पेटतात आणि बाबा हात पुसत बाहेर येतात. पाहुण्यांना याची फार गंमत वाटते. एकदा माझ्या मावशीने आईला बाजूला घेऊन विचारलं होतं, तुमचं भांडण झालंय का गं, बोलत नाहीस ती त्यांच्याशी? आई म्हणाली, "बोलतंय की. बटनावं."

ही पद्धत लूमच्या, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागांच्या दिवसांतली. आम्ही नारपोलीत राहतो, लूमवाल्यांच्या वस्तीत. बाबा जॉबर होते, म्हणजे लूम अडला की तो उघडून पुन्हा चालता करणारा माणूस. नंतर घरामागे शेड घालून त्यांनी स्वतःचे लूम टाकले. चालू शेडमध्ये कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू जात नसे, म्हणून बत्तीची भाषा ठरलेली होती. एकदा दिवे गेले तर करंट गेला, कुणी हलायचं नाही. दोनदा मिचकावले तर बाहेर ये, काम आहे. तीनदा मिचकावले तर हातातलं टाक, लूम बंद कर, कुणाचा तरी हात सापडलाय.

तिसरी बत्ती मी एकदाच पाहिली. शाळेतून येऊन दप्तर घेऊन शेडच्या दारात उभी होते. दिवे तीनदा गेले आणि एकेक लूम गप्प होत गेला. आवाजाला घाबरत वाढलेली मी, त्या दिवशी पहिल्यांदा शांततेला घाबरले. एका कारागिराला दोघांनी धरून बाहेर आणलं, त्याच्या हाताला पंचा गुंडाळला होता. बाबांनी मला खांद्याला धरून घराकडे फिरवलं. त्यानंतर तिसरी बत्ती ना शेडमध्ये कुणी मारली, ना घरात.

लूम भंगारात गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेड रिकामी राहिली. जमिनीत लूमचे पाय रोवल्याच्या खुणा, कोपऱ्यांत चिकटलेला कापूस आणि कितीही धुतला तरी न जाणारा तेलाचा वास. पूर्णे गावातली आमच्या वाटणीची शेती गोदामवाल्यांकडे गेली. मी ज्या गोदामात ड्युटी करते ते आमच्याच भाताच्या खाचरावर उभं आहे, हे माझ्या सुपरवायझरला अजून ठाऊक नाही. आणि बाबांनी, आयुष्यभर सायकल आणि नंतर एक खटारा स्कूटर चालवलेल्या माझ्या बाबांनी, गाडी घेतली.

साधी घेतली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. काळी, लांबलचक, जर्मन बनावटीची गाडी. पहिल्या मालकाने मिरवली, दुसऱ्याने झिजवली आणि आम्ही तिला लिंबू-मिरची बांधली. आत लाकडाची पट्टी, चामड्याच्या खुर्च्या, आणि बसल्यावर असं वाटे की रस्ताच कुणीतरी काढून घेतलाय. कारण ती स्प्रिंगवर नव्हती. चारही चाकांवर रबरी फुगे, त्यांत हवा, आणि हवा भरायला पुढे एक छोटा कंप्रेसर. बटण दाबलं की गाडी अंग उचलायची, पुन्हा दाबलं की खाली बसायची. बाबा गल्लीतल्या प्रत्येकाला ते उठणं-बसणं दाखवत. ते अगदी कृतकृत्य झाले होते.

आईचे गुडघे धरलेले. तिला अकलोलीच्या गरम कुंडात पाय सोडून बसायचं होतं. "याच गाडीतशी नेन तुला, अगो. रिक्शाचे धक्के न्हाय, काय न्हाय," असं बाबांनी कबूल केलं होतं.

मग एका सकाळी शेडमध्ये ठेवलेली गाडी डाव्या अंगावर बसलेली दिसली. म्हैस बसताना आधी पुढचे गुडघे मोडते, तशी. बाबांनी चालू केली, कंप्रेसर घुरघुरला, ती उठली. दुसऱ्या सकाळी पुन्हा बसलेली. पुढे पुढे तर ती आपल्या आपणच जागी होऊ लागली. आत कुणी नाही, चावी घरात खिळ्याला, आणि शेडमधून घुरघुर. हवा कमी झाली की ती स्वतःच भरून घेते, यात भुताखेताचं काही नाही, हे मला कळत होतं. तरी मी कपडे वाळत घालताना शेडकडे पाठ करीत नसे. आई म्हणाली, "ती दम खातंय." मला ते अजिबात आवडलं नाही.

मोठ्या शोरूमवाल्यांनी सांगितलं, पुढचं सगळं बदलावं लागेल. बाबांना तो अपमान वाटला. ज्या माणसाने दुसऱ्याला कधी आपल्या लूमला पाना लावू दिला नाही, त्याला कोट घातलेला पोरगा सांगणार! "मशीन हाय ना? मंग उघडायची," म्हणाले आणि गाडी परत घेऊन आले.

इथे मला जे खरोखर वाटत होतं ते सांगून टाकते. बाबांना नीट ऐकू येत नाही. लूमच्या खडखडाटात उभी हयात गेलेल्यांपैकी कुणाला येतं? पण आमच्या घरात हा शब्द उच्चारायचा नाही. टीव्ही मोठा असतो, बाबा बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघतात, न कळल्यावर हसून मान हलवतात, आणि आपण सगळे त्याला स्वभाव म्हणतो. एकदा मी कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. म्हणजे जे ऐकून घ्यायचं नव्हतं तेवढं बरोब्बर ऐकू आलं होतं! आणि हवेची गळती म्हणजे काय तर आवाज. सूं असा बारीक आवाज. जो ऐकून माणूस सावध होतो तो आवाज न ऐकणारा माणूस त्या धुडाखाली शिरणार होता. माझा जीव टांगणीला लागला.

गळती त्यांनी शोधली मात्र. साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे पाहिले, हाताची मागची बाजू ओली करून पाइपांवरून फिरवली. डाव्या फुग्याकडे जाणाऱ्या पाइपाचा सांधा गळत होता. आता दुसरा कुणी तो पाइप बदलेल. बाबांनी काय केलं? पंक्चरच्या सोल्यूशनमध्ये सूत भिजवलं, सांध्याभोवती वेढे घट्ट गुंडाळले आणि विणकराची गाठ मारली. ताण्याचा तुटलेला धागा जोडतात ती गाठ, बारीक, जितकी ओढावी तितकी घट्ट होणारी. आयुष्यात जे जे तुटलं ते ते त्यांनी या गाठीने सांधलेलं. माझ्या चपलेचा पट्टा, आईची कपडे वाळत घालायची दोरी, देवघरातल्या घंटेचा दोरा. मी म्हटलं, "बाबा, तो धागा नाहीये, त्यात हवा कोंडलेली आहे." ते माझ्या ओठांकडे बघत म्हणाले, "गाठ माजी हाय. सुटाची न्हाय."

आणि सुटली नाही. गाडी तीन-चार सकाळी ताठ उभी राहिली. बाबा असे काही हिंडले की विचारू नका. मग पुन्हा डावं अंग खचलं.

भंगार बाजारातून जुना पाइप आणायला आम्ही दोघं गेलो. दुकानदाराने पाइप दिला, बाबांच्या हाताकडे पाहिलं आणि मला वगळून त्यांनाच म्हणाला, "चाचा, स्टँड लगाए बिना नीचे मत जाना. ये बैठती है तो बताके नहीं बैठती." बाबांनी हसून मान हलवली. ती मान मला ओळखीची होती. परतताना रिक्षात मी ते वाक्य पुन्हा सांगितलं, जोरात, मराठीत. "आयकलाय मी," ते म्हणाले.

त्यांनी काम शुक्रवारी काढलं. शुक्रवारी आमच्या वस्तीतले सगळे लूम बंद असतात. एरवी आमच्या भिंती सतत थरथरत असतात आणि आम्हाला ते जाणवतही नाही. शुक्रवारीच जाणवतं, नसल्यामुळे. कावळा ऐकू येतो, दोन गल्ल्या पलीकडचा कुकर ऐकू येतो. माझी शिफ्ट दुपारची होती.

मी बघायला गेले तेव्हा पुढची चाकं त्यांनी लूमखालच्या जुन्या लाकडी ठोकळ्यांवर चढवली होती आणि बटण दाबून गाडीने अंग पूर्ण उचललं होतं. खाली माणूस सहज सरकेल एवढी फट. गाडीला खालून टेकू देणारा स्टँड नाही. मी स्टँडचं विचारलं तर म्हणाले, शेजाऱ्याकडून संध्याकाळी येईल, तोवर नुसतं बघून घेतो, पाइप काढणार नाही. बाबा अंगाने काटकुळे, गोणपाटावर पाठ टेकून क्षणात आत गेले. गाडी पलीकडच्या भिंतीजवळ उभी होती, मधे जेमतेम माणूस मावेल एवढा बोळ, आणि त्यांचे पाय त्या भिंतीकडे. माझ्या बाजूने फक्त हँडलॅम्पचा उजेड आणि त्यांचा एक कोपर दिसत होता.

मधेच करंट गेला आणि आला. "गेला वाटतं," आतून आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. मी घरात जाऊन चहा टाकला.

चहा घेऊन दारात आले आणि मला तो आवाज आला. सूं. इतका बारीक की कुठल्याही दुसऱ्या दिवशी तो मला ऐकू आलाच नसता. आधी वाटलं गॅस चालू राहिला. मग माझं लक्ष डाव्या चाकावर गेलं. चाक आणि वरचा पत्रा यांच्यात मघाशी माझी मूठ गेली असती. आता चार बोटंही गेली नसती. बघता बघता तीन.

"बाबा!" मी किंचाळले. कोपर शांतपणे हलत होतं. ते उजवीकडचं काहीतरी पुसत होते. "बाबा, बाहेर या!" मी पत्र्यावर थाप मारायला धावले आणि हात उगारूनच थांबले. त्या गाडीला हात लावायचं मला धैर्य झालं नाही. पाय भिंतीकडे. त्यांना ओढायला मला सगळा वळसा घालून बोळातून सरपटावं लागलं असतं.

मी वळले आणि दाराजवळच्या भिंतीवरच्या बटणावर हात मारला.

दिवे गेले. हँडलॅम्पही गेला, तो त्याच बोर्डावर होता. आत काही हललं नाही. करंट गेलाय असं समजून ते अंधारात स्वस्थ पडून होते. मी बटण वर केलं, पुन्हा खाली, पुन्हा वर. आतून सावकाश आवाज आला, "आलो, आलो. जेवान एवड्यात?" आणि पान्याची टकटक पुन्हा सुरू झाली. तो सूं आता मोठा झाला होता, माझ्या दातांत जाणवत होता.

मी तिसऱ्यांदा बटण खाली केलं.

टकटक थांबली. दिवा लागला तेव्हा कोपर दिसेनासं झालं होतं. भिंतीकडे गोणपाट घासल्याचा आवाज आला, काहीतरी फाटलं, आणि बाबा बोळातून भिंतीला धरत, अर्धे वाकलेले, बाहेर आले. सदरा खांद्यापासून उसवला होता. मला वाटलं चिडतील. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते शेडच्या रिकाम्या रांगांकडे बघत होते, लूम जिथे होते तिथे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चेहरा पांढराफटक.

"कोनाचा हात?" त्यांनी विचारलं. "कोनाचा हात गेला?"

मी गाडीकडे बोट दाखवलं. ते वळले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत गाडी बसली. आदळली वगैरे नाही. शेवटची हवा सोडून, दमल्यासारखी, डावा खांदा टाकून ती खाली आली. हँडलॅम्प तिच्याखाली राहिला होता. त्याची जाळी चेपल्याचा आवाज मला आला, दिवा फुटल्याचाही. मग शुक्रवारची शांतता.

बाबा माझ्याकडे पाठ करून त्या फटीकडे बघत होते. फट आता राहिलीच नव्हती. त्यांचा हात उसवलेल्या खांद्यावर होता.

"वाजत व्हती?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्यासमोर गेले, ओठ दिसतील अशी. "हो."

"मोठ्यानं?"

आवाज लहान सांगावा की मोठा, असं क्षणभर मनात आलं. "शेवटी शेवटी खूप मोठ्यानं," मी म्हटलं.

ते पुन्हा गाडीकडे वळले. "मला न्हाय आला आयकू," म्हणाले. हळू म्हणाले, जणू गाडीलाच सांगत होते. आजवर हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. मला तिथेच, हातातल्या चहासकट, मोठ्याने रडू फुटलं. त्यांची पाठ होती, त्यामुळे तेही त्यांना ऐकू आलं नाही.